आधी मोजायचं, मग तोडायचं: कसबी हातांचा जाहीरनामा

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातली, पदवी नसलेली आणि टेबल-खुर्चीवर न बसणारी माणसं आहोत. कोणी मोटारी भरतं, कोणी विहिरीला कडं बांधतं, कोणी ट्रॅक्टरचं इंजिन उतरवतं, कोणी रोपवाटिकेत डाळिंबाची कलमं करतं. सोयरिकीच्या बायोडेट्यात आणि बँकेच्या फॉर्मवर 'शिक्षण' या रकान्यात आमच्यापुढे 'नववी' नाहीतर 'बारावी' एवढंच येतं, आणि समोरच्याचं वाचणं तिथेच थांबतं. यापुढे आम्ही आमची ओळख कामावरून सांगणार. काम कसं असावं, हेही आम्हीच सांगणार. त्यासाठी ही चळवळ सुरू करतो आहोत.

हा मजकूर लिहायचं माझ्याकडे आलं. मी राहुरी भागात पाण्याच्या मोटारी भरतो. आमच्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री तीनपैकी एक फेज गेला आणि स्टार्टर पडला नाही, की मोटार उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहते आणि उजाडेपर्यंत जळते. शेतकरी ती पिकअपमध्ये टाकून आणतो. त्याचा कांदा रानात उभा असतो आणि त्याला फक्त एवढंच विचारायचं असतं, "कधी देता?"

मोटार खोलली की जळक्या वॉर्निशचा वास येतो. तेव्हा छिन्नीला हात लावायचा नाही, वही काढायची. स्लॉट किती, एका कॉइलला फेरे किती, तार किती गेजची, जोडण्या कुठून कुठे, हे सगळं लिहून घ्यायचं. मग जुनी तार तोडायची. स्लॉटमध्ये कागद घालायचा, साच्यावर गुंडाळलेल्या नव्या कॉइली एकेक तार सरकवत बसवायच्या, वरून बांबूच्या चिपा ठोकायच्या, टोकं दोऱ्याने आवळायची, वॉर्निश पाजून सुकवायचं. शेवटी सिरीजचा दिवा लावून बघायचं. बॉडीला दिवा पेटला तर सगळं पहिल्यापासून. शिकत होतो तेव्हा मी एकदा न मोजताच तोडली आणि अंदाजाने फेरे भरले. ती मोटार तिसऱ्या दिवशी परत आली आणि त्या माणसाची पाण्याची पाळी चुकली. तो मला एक शब्दही बोलला नाही. तेव्हापासून आजवर मी मोजल्याशिवाय तार तोडलेली नाही.

पदवीचं दुसरं वर्ष सोडलं तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. आज विहिरीवर मोटार बसवून बटण दाबलं आणि पाइपातून पाणी आलं, की मला जे वाटतं ते मी घरच्यांना अजूनही नीट सांगू शकलेलो नाही. तरी ही भावना माझ्या एकट्याची नाही, आमच्यातल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. म्हणून समाधानाचं काम म्हणजे काय, यावर आम्ही खूप बोललो.

अंगमेहनतीचं प्रत्येक काम चांगलं, असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं हा आमच्याच माणसांवर अन्याय होईल. पाथर्डी, शेवगाव, जामखेड इथली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. ते कामही टेबलाशिवायचं आणि पदवीशिवायचंच. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. किती टनाला काय भाव, गाडी कधी भरायची, आजारपणात सुट्टी मिळेल की नाही, यातलं काहीच तोडणाऱ्याच्या हातात नसतं. दहाव्या हंगामात त्याला पहिल्यापेक्षा जास्त सफाई येते, पण त्या सफाईची कोणी किंमत करत नाही. त्या कामात घाम कमी नाही. त्यात निर्णय नाही, पुढे शिकणं नाही आणि आपल्या दराबद्दल बोलायची सोय नाही. ज्या कामात या तीन गोष्टी आहेत ते काम आम्हाला हवं आहे. मग ते बंधाऱ्यावरचं असो, वर्कशॉपमधलं असो की गोठ्यातलं.

असं काम पदवीशिवाय उभं राहतं, याचा पुरावा शोधायला आम्हाला जिल्ह्याबाहेर जावं लागलं नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावांना आरोग्याच्या कामासाठी आपापल्यातल्या बायका निवडून द्यायला सांगितलं. आलेल्यांपैकी बऱ्याच जणींना सही करता येत नव्हती आणि कितीतरी जणी ज्यांना गाव उंबऱ्याबाहेर ठेवत होतं अशा घरांतल्या होत्या. त्या जामखेडला शिकायला यायच्या आणि शिकलेलं घेऊन गावात परत जायच्या. सुखरूप बाळंतपण कसं करायचं, जुलाब झालेल्या लेकराला साखर-मीठ-पाणी कसं द्यायचं, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, आपल्या हाताबाहेरचा रोगी कधी दवाखान्यात धाडायचा, हे त्यांनी आत्मसात केलं. पुढे नव्या बायकांना शिकवायला त्याच उभ्या राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडच्या कामाचा दाखला आहे. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला त्यातली मोठी गोष्ट वाटते ती अशी, की 'हा रोगी माझ्या हाताबाहेरचा आहे' हा निर्णय निरक्षर बाईच्या हातात दिला गेला आणि तिने तो पेलला.

अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात गावरान बियाणं जपलं, त्याची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पद्मश्री सगळ्यांना मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. पण कुठलं बी धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ज्ञान आहे, आणि ते पुस्तकाबाहेरही तयार होतं, एवढं तरी आता कोणी नाकारू नये.

आता आमच्या घरातल्या दोषांबद्दल. हाताची कामं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीला बांधलेली होती. लोहाराचा पोर लोहार, चांभाराचा पोर चांभार, आणि वर्षाकाठी पसाभर धान्याचं बलुतं. ज्यांचे आजोबा त्यातून सुटण्यासाठी शिकले, त्यांना कोणी आज 'हाताचं काम करा' असं शिकवू नये. आम्ही तर मुळीच शिकवणार नाही. अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी आमचं भांडण नाही, ती आमचीच भावंडं आहेत. पण भरतीचं वय निघून गेल्यावर जो आमच्या दारात येईल, त्याला कोणी 'शेवटी इथेच आला' म्हणायचं नाही. आणि आमच्या दुकानात शिकायला कुठल्याही जातीची, कुठल्याही घरातली व्यक्ती येऊ शकेल. मुलगी आली तर तिला टेबलावर बिलं लिहायला बसवणार नाही, साच्यापुढे बसवू.

दुसरा दोष शिकवण्याचा. मी जिथे शिकलो तिथे पहिली दोन वर्षं मला चहाशिवाय काही मिळालं नाही, आणि कॉइलची जोडणी करताना उस्ताद पाठ फिरवून बसायचे. विद्या लपवून धंदा टिकतो, असं त्यांना वाटायचं. आम्ही ही रीत मोडतो आहोत. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून मजुरी मिळेल. वेल्डिंग करणाऱ्याला काच आणि हातमोजे मिळतील, खांबावर चढणाऱ्याला पट्टा मिळेल. अठराच्या आतल्या पोराला कामावर ठेवणार नाही, त्याने शाळेतच असलं पाहिजे. जोडणी समोर बसवून दाखवू. दर पाटीवर लिहून दुकानाबाहेर लावू, म्हणजे गिऱ्हाईकही फसणार नाही आणि आम्हीही.

सरकारकडे आमचं मागणं थोडं आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, त्याचा फायदा आमच्या छोट्या दुकानांपर्यंत पोचवा. २०२३ साली विश्वकर्मा योजना आली. तिच्यात पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज मिळतं. योजनेत १८ धंदे आहेत. त्यात गवंडी आहे, लोहार आहे, शिंपी आहे, कुंभार आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मोटार भरणारा नाही, वेल्डर नाही, प्लंबर नाही. आज गावात रोज ज्यांची वाट बघितली जाते तीच माणसं यादीबाहेर आहेत. यादी वाढवा.

आणि मुलींच्या आई-वडिलांना एक विनंती. स्थळ बघायला याल तेव्हा घरात चहा घेण्याआधी आमच्या दुकानात या. वह्या बघा, हत्यारं बघा, गिऱ्हाइकाला विचारा. मग हो म्हणा किंवा नाही म्हणा, आम्हाला चालेल.

ज्यांना आमच्यात यायचं आहे त्यांनी कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी आठला यावं. रात्रीच्या लाईटीत जळलेल्या मोटारी त्याच वेळेला येतात. येताना एक कोरी वही आणि पेन्सिल आणा. पेनची शाई तेलकट बोटांनी फिसकटते.