सत्कार नको, निधीच्या बैठकीत जागा द्या

प्रति,
मुंबई-पुण्यात भरणाऱ्या दानशूरता आणि सामाजिक नवोपक्रम परिषदांचे आयोजक व प्रायोजक यांस,



यंदाच्या निमंत्रणपत्रिकेवरही प्रमुख वक्ते म्हणून निधीसंस्थांचे संचालक, कंपन्यांचे सीएसआर प्रमुख आणि सल्लागारच आहेत. कुपोषणावर चर्चासत्र ठेवले आहे आणि त्यात मेळघाटातले एकही माणूस नाही. आम्ही नावे कळवली होती. 'विचार करू' असे उत्तर आले. नंतर तेही येईनासे झाले. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

नावे पुन्हा देतो. धारणीजवळच्या उतावलीत डॉ. आशिष सातव यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी बालकांवर उपचार पोचवले. त्या कामावरचे संशोधन वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. तुम्ही ज्याला नवोपक्रम म्हणता, तो याहून वेगळा काय असतो? बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे आहेत. वझ्झरचे शंकरबाबा पापळकर आहेत, ज्यांनी शंभराहून अधिक बेवारस, दिव्यांग मुलांना बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. मंगरूळ चवाळ्याला फासेपारध्यांच्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' शाळा उभी करणारे मतीन भोसले आहेत. समृद्धी महामार्गात त्या शाळेचे वाचनालय आणि वर्गखोल्या गेल्या. विकासावर बोलायला त्यांच्याइतका हक्काचा वक्ता तुम्हाला कुठे मिळणार आहे?

कोल्हे दांपत्याला २०१९ मध्ये आणि शंकरबाबांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे हे लोक माहीत नव्हते असे तुम्हाला म्हणता येणार नाही. अशा माणसांना तुम्ही बोलावता ते सत्काराला. शाल, श्रीफळ, दोन मिनिटे मनोगत, आणि फोटो झाला की खाली. पैसा कुठे जावा याची चर्चा त्यानंतर बंद दाराआड होते. आमची खरी तक्रार इथे आहे.

कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे मोठ्या कंपन्यांना बंधनकारक आहे. २०२२-२३ मध्ये देशात असे सुमारे ३०,००० कोटी रुपये खर्च झाले, त्यातले सुमारे ५,५०० कोटी महाराष्ट्रात. राज्य पहिले आले म्हणून व्यासपीठावर टाळ्याही पडतात. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, चिखलदरा या तालुक्यांत त्यातले किती आले, ते एकदा त्याच व्यासपीठावरून वाचून दाखवा.

कारण विचारले की 'कायद्यात स्थानिक क्षेत्राला प्राधान्य आहे, तुमच्याकडे आमचा कारखाना नाही' असे ऐकवले जाते. ही सबब २५ ऑगस्ट २०२१ लाच संपली. त्या दिवशीच्या परिपत्रकात कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट लिहिले आहे की हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचे नाही. कारखाने नाहीत म्हणून इथे रोजगार नाही आणि कारखाने नाहीत म्हणूनच मदतही नाही, हा कुठला न्याय?

गरज दिसत नाही असेही नाही. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत २००१ पासून २०,००० हून अधिक शेतकऱ्यांनी जीव दिल्याची नोंद सरकारदरबारीच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याची ९३२ गावे राज्याच्या पोकरा या शेतीविषयक प्रकल्पात घेतली आहेत. तिथे बोअरचे पाणी हंड्यात ठेवले की काठाला पांढरा थर धरतो. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. घराघरात किडनीच्या आजाराची धास्ती आहे. पाण्यावर बोलणाऱ्या तुमच्या वक्त्यांनी एकदा हे पाणी तोंडात घेऊन पाहावे.

वऱ्हाडाला दानाची शिकवणी नको. शेंडगावच्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः झोपडीत राहिले. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीत तपोवन काढले आणि कुष्ठरुग्णांच्या हाताला शेती, विणकाम, सुतारकाम दिले. भीक मागायला लावले नाही. त्याच अमरावतीतल्या संस्था आज निधीसाठी इंग्रजी अर्ज भरतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात.

पुढची परिषद अमरावतीला किंवा अकोल्याला घ्या. अंतराचे कारण सांगू नका, बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले आहे. बीजभाषण मेळघाटातल्या माणसाला द्या, कोरकूत बोलायचे असेल तर दुभाष्याची सोय करा, येण्याजाण्याचा खर्च द्या. निधी ठरवणाऱ्या समितीत वऱ्हाडातल्या संस्थांचे निदान दोन प्रतिनिधी मताच्या अधिकारासह घ्या. तालुकानिहाय खर्च परिषदेच्या आधी मराठीत छापा.

हे मान्य नसेल तर तसे लेखी कळवा आणि निमंत्रणपत्रिकेवरचा मेळघाटातल्या मुलांचा फोटो काढून टाका.

आपला,
दर्यापूर तालुक्यातला एक कार्यकर्ता