शुद्धलेखन की पिनकोड?

मंडळी, संकेतस्थळं बनवणाऱ्या मुलांमध्ये एक जुना वाद आहे. पानाच्या वरच्या बाजूला 'मुखपृष्ठ › लेख › विदर्भ' अशी वाट दाखवलेली असते ना, तिला 'ब्रेडक्रम्ब' म्हणतात. जंगलात पावाचे तुकडे टाकत गेलेल्या हॅन्सेल-ग्रेटेलच्या गोष्टीवरून हे नाव पडलं. (गोष्टीत ते तुकडे पाखरांनी खाल्ले, हे नाव ठेवणारे विसरले असावेत!) ही वाट यंत्राला कळावी म्हणून एचटीएमएलमध्ये जास्तीच्या खुणा घालतात. २००९ पासून गूगल अशा खुणा वाचू लागलं, पण तेव्हाच्या एक्सएचटीएमएल १.० च्या नियमांत त्यातल्या बऱ्याच बसत नव्हत्या. खुणा घातल्या की व्हॅलिडेटर चुका काढणार, काढल्या की गूगलला वाट कळणार नाही. मग जपायचं काय?

मला १९७२ साल आठवतं. त्या वर्षी मराठी शुद्धलेखनाच्या १४ नियमांत ४ नियमांची भर पडली, आणि १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. तो योजला आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, जे संस्कृतचे कवीही होते. शुद्धलेखन वाचणाऱ्यासाठी, पिनकोड टपाल वेगळं करणाऱ्यासाठी. ४४० दिसलं की पत्र नागपूरकडे निघालं! पिनकोडमुळे पत्राचं व्याकरण बिघडलं, असं कोणी म्हटलं नाही, कारण तो पाकिटावर असतो.

नेमकी हीच सोय आता आहे. २०१४ साली जेसन-एलडी प्रमाण झालं. त्यात वाटेची माहिती वेगळ्या कप्प्यात लिहितात, दिसणाऱ्या मजकुराला हात लागत नाही. म्हणजे भांडण मिटायला हवं होतं. पण एक पक्ष अजून 'शून्य चुका' मिरवतो आणि दुसरा 'गूगलला कळलं की झालं' म्हणतो.

मला दोन्ही पटत नाहीत. 'नागपूर समुद्रकिनारी आहे' हे वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध आहे, पण खोटं आहे. व्हॅलिडेटर रचना तपासतो, खरेपणा नाही. 'विदर्भ' लिहून दुवा पाककृतींकडे गेला तरी तो गप्पच राहणार. आणि गूगलची मर्जी? डेटा-व्होकॅब्युलरीच्या खुणा त्याने २०२१ मध्ये सोडून दिल्या, आणि २०२५ मध्ये मोबाइलवरच्या निकालांतून ब्रेडक्रम्ब काढूनच टाकले. केवळ त्याच्यासाठी केलेले कष्ट पाखरांनी खाल्ले म्हणायचे.

म्हणून माझा क्रम असा. आधी वाचकाला दिसणारी, खरी वाट. मग तिचं शुद्ध एचटीएमएल, कारण स्क्रीन रीडरवर ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकाला 'आपण कुठे आहोत' हे नीट मांडणीतूनच कळतं. शेवटी यंत्रासाठी पाकिटावरचा पत्ता, आणि तोही आतल्या मजकुराशी जुळणारा. पाकीट चोख आणि आत कोरा कागद, असं पत्र कोणाला हवं आहे?

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.