पाच पैशांचा धर्मादाय

दिवाळीपूर्वीची झाडलोट निघाली की बेगम बाजारातील पोटमाळ्यांवरून जुन्या पत्रव्यवहाराचे गठ्ठे खाली येतात व रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. आमच्या पेढीतही हेच घडले. तत्पूर्वी मुलांनी हौसेने पाकिटांवरील तिकिटे भिजवून सोडविली व वहीत चिकटविली. आम्ही त्यांचे कौतुकच केले. ती चूक होती, असे आज आमचे स्पष्ट मत आहे.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यार्थ सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले. ते ३१ मार्च १९७३ पर्यंत लावावे लागे. वीस पैशांच्या पाकिटावर पाच पैसे, म्हणजे चौथाईच! वीस पाकिटे रवाना झाली की एक रुपया निर्वासितांच्या खाती जमा. आपल्या व्यापारात बिलाच्या तळाशी धर्मादाय लावला जाई, त्याचाच हा सरकारी प्रकार. फरक इतकाच की तो गिऱ्हाइकाच्या माथी पडे, हा पत्र धाडणाऱ्याच्या. पोस्टकार्डांना मात्र माफी होती. त्या काळात वडीलधाऱ्यांनी भाव कळविण्यास कार्डेच अधिक वापरली की काय, हे न विचारलेले बरे.

या कामाचे खास तिकीट १ डिसेंबर १९७१ रोजी निघाले. तोवर कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर निर्वासित-साहाय्याची अक्षरे छापून निभावण्यात आले. तीही सर्वत्र वेळेवर न पोचल्याने बंगळूर, जयपूर आदी ठिकाणी स्थानिक छाप उठविले गेले. हैदराबादेत निजामी तिकिटांचा मान मोठा, पण या स्थानिक छापांचाही शोध जाणकार संग्राहक घेत असतात. मात्र असा छाप मागाहून कोणीही उठवू शकतो. सुट्या तिकिटाची खात्री कशी पटावी? अखंड पाकिटावर गावाचे नाव व तारीख असलेली टपालाची मोहोर तिकिटावरून कागदावर उतरलेली असते. ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धातील असली, तर साक्षीस बळ येते. सुटे तिकीट म्हणजे हुंडीवरची सही कापून ठेवावी व हुंडी चुलीत घालावी, तसे झाले.

तेव्हा सभासद बंधु-भगिनींनी त्या दीड वर्षातील पाकिटे आतील पत्रासह अखंड ठेवावीत. त्यांना डिंक वा टाचणी लावू नये. त्याचबरोबर संवत २०२८ ची वही हाती लागल्यास अवश्य उघडावी. ते पाच पैसे मुनीमजींनी टपालखर्चात मांडले की धर्मादायात, हे पाहण्याची आम्हांस फार उत्सुकता आहे.