रीलमधला इंजिन स्वॅप आणि आमच्या शेडमधली मारुती ८००

गाडीचं मूळ इंजिन काढून दुसरं बसवायचं, याला इंजिन स्वॅप म्हणतात. तुमच्या फीडमध्येही असे व्हिडिओ येतच असतील. परदेशातल्या कुठल्याशा घरगुती गॅरेजमध्ये एक जण मोबाईलने स्कॅन करतो, लॅपटॉपवर ड्रॉइंग काढतो, लेझरने कापलेली प्लेट कुरिअरने घरी येते आणि मिनिटभरात गाडी सुरू. गेल्या वर्षी मी आणि माझा आतेभाऊ याच नादाला लागलो. कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये बाबांची मारुती ८०० उभी होती. तिचं ७९६ सीसीचं इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवायची आणि गिअरबॉक्स तोच ठेवायचा, असा बेत ठरला.

आता अडचण काय असते ते बघा. मोटर आणि गिअरबॉक्स एकमेकांसाठी बनलेलेच नसतात. दोघांच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत. म्हणून मध्ये एक जाड प्लेट लागते, तिला अडॅप्टर प्लेट म्हणतात. मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडायला कपलर लागतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लांब खाचा असतात, त्या नव्याने कापून घेणं महाग पडतं. त्यावर जुना उपाय आहे. वापरलेल्या क्लच प्लेटचा मधला हब काढायचा, त्यात त्याच खाचा आयत्या मिळतात, आणि तो कपलरमध्ये बसवायचा. उद्यमनगरमधल्या लेथवाल्या काकांनी हे आम्हाला चहा पिता पिता सांगितलं. हे कुठल्याही रीलमध्ये दिसलं नव्हतं!

माप मात्र आम्ही मोबाईलनेच घेतलं. आतेभावाकडे लायडार असलेला आयफोन आहे. हा सेन्सर २०२० पासून आयफोनच्या प्रो मॉडेल्समध्ये येतो. खोलीचा नकाशा काढायला, सोफा मावेल का हे बघायला तो भारी आहे. पण तो काही मिलिमीटर सहज चुकतो, आणि इथे हिशेब मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा असतो. इंजिनच्या बाबतीत दोन्ही शाफ्टच्या मध्यरेषा जुळताहेत की नाही हे डायल गेजने तपासतात. गेजच्या काट्याचा फरक साधारण ०.००५ इंच, म्हणजे ०.१२७ मिलिमीटरच्या आत हवा, असं सर्रास मानलं जातं. आमची पहिली प्लेट जवळपास दोन मिलिमीटर चुकली होती. बोल्ट बसले म्हणून आम्ही खूश होतो. मोटर फिरवली तेव्हा घरघर आली आणि थोड्याच दिवसांत गिअरबॉक्सच्या पुढच्या ऑइल सीलमधून तेल गळायला लागलं.

चूक कुठे झाली ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. बोल्ट फक्त आवळतो, जागा ठरवते ती डॉवेल पिन. बोल्टचं भोक बोल्टपेक्षा थोडं मोठंच असतं, त्यामुळे प्लेट इकडेतिकडे सरकू शकते. गिअरबॉक्सच्या तोंडावर दोन घट्ट बसणाऱ्या पिना असतात, त्यांना धरूनच सगळं मोजायचं. दुसऱ्या वेळी आम्ही व्हर्नियरने माप घेतलं आणि डीएक्सएफ फाईल बनवली. आधी पातळ पीएलए प्लॅस्टिकची थ्रीडी प्रिंट काढून ती लावून बघितली. (पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, त्यामुळे ते फक्त चाचणीपुरतं. गाडीत ठेवायचं नाही.) दोन भोकं चुकल्याचं प्रिंटवरच कळलं. अॅल्युमिनियमचे पैसे वाचले. नंतर प्लेट लेझरवर कापून घेतली, पण पिनांची भोकं आणि मधलं मोठं भोक काकांनीच मशीनवर केलं. आता घरघर नाही.

म्हणजे पार्ट बनवणं आज खरंच सोपं झालंय. फाईल पाठवली की प्लेट मिळते. गाडी अडलीय ती गेटपाशी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

इलेक्ट्रिकसाठी वाट आहे, पण ती किटची. किट बनवणारी कंपनी एआयएस-१२३ या मानकानुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी करून घेते, अधिकृत माणूस ते बसवतो आणि आरटीओ आरसीवर नोंद करतं. शेडमध्ये एकच गाडी बनवणाऱ्याला या रांगेत जागाच नाही.

मला हा कायदा निव्वळ जाचक वाटत नाही. ६० व्होल्टच्या वरची डीसी बॅटरी जीव घेऊ शकते, आणि आमची पहिली प्लेट रस्त्यावर असती तर काय झालं असतं याचा विचार मी आजही टाळतो. पण एकेकटी गाडी तपासायची सोय इतरत्र आहे. कॅलिफोर्नियात इंजिन बदललेली गाडी रेफरीकडे न्यावी लागते. बसवलेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणाही सोबत हवी. ब्रिटनने तर ऑगस्ट २०२५ मध्ये नियम सैल केले. इलेक्ट्रिक केलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, फक्त बदल कळवावा लागतो. आपल्याकडे चाचणीची यंत्रणा पुण्यातच आहे. शुल्क घ्या, डायल गेज लावा, नापास करा, पण आमची गाडी बघा तरी!

तोपर्यंत आमची मारुती शेडपासून गेटपर्यंत जाते आणि परत येते. मार्चमध्ये तिच्या नोंदणीचं नूतनीकरण आहे, त्याआधी मूळ इंजिन परत चढवावं लागेल. नशिबाने जुने माउंट आम्ही कापले नव्हते, नवे ब्रॅकेट बोल्टनेच लावलेत. बाबांनी इंजिन जुन्या चादरीत गुंडाळून जिन्याखाली ठेवलंय आणि दर रविवारी ते हाताने फिरवून बघतात, जाम झालं नाही ना म्हणून.