निळ्या कोल्ह्याचा गुन्हा कोणता?



मंगरूळपीरला विहारात आम्ही रविवारी मुलांचा वर्ग घेतो. मागच्या रविवारी एका पोराने निळ्या कोल्ह्याची गोष्ट सांगितली. रंगाऱ्याच्या पिंपात पडलेला कोल्हा जंगलाचा राजा होतो, एका रात्री इतर कोल्ह्यांबरोबर ओरडतो आणि मारला जातो. मुलं हसली. मला हसू आलं नाही. कॉलेजात स्कॉलरशिपच्या रांगेत असताना एकाने मला हीच गोष्ट ऐकवली होती. रंग उतरला की कोल्हा तो कोल्हाच, म्हणे. तेव्हा उत्तर सुचलं नाही.

गोष्ट पंचतंत्रातली. गादी मिळताच या कोल्ह्याने आपलेच कोल्हे हाकलले आणि सिंहाला प्रधान केलं. आपल्या माणसांना सोडणाऱ्याचं असंच होतं, हा मूळ बोध. तो मलाही मान्य आहे. असे निळे कोल्हे आपल्या चळवळीने कमी पाहिलेत का? पण वाघ-सिंह त्याला त्यासाठी फाडत नाहीत. कोल्ह्याने आपल्यावर राज्य केलं, याची लाज वाटून फाडतात. आणि लोकांच्या तोंडी उरलं ते एवढंच, की आपली पायरी ओळखावी.

त्याच ग्रंथाच्या चौथ्या तंत्रात एक कुंभार आहे. खापरांवर पडून त्याच्या कपाळावर खोक पडलेली. राजाला तो लढाईतला वार वाटतो. क्षत्रिय समजून तो त्याला मानाने ठेवतो. युद्धाच्या तोंडावर खरं कळताच हाकलतो. रणात माझे हात तरी बघा, असं कुंभार विनवतो. त्यावर राजा सिंहिणीने वाढवलेल्या कोल्ह्याच्या पिल्लाची गोष्ट सांगतो. सिंहीण त्या पिल्लाचं शौर्य, विद्या, रूप सगळं मान्य करते आणि तरी कुळ काढते. आता बघा, ते पिल्लू हत्ती पाहून खरंच पळालं होतं. कुंभाराची तर परीक्षाच झाली नाही! प्राण्याचा दाखला दिला आणि माणसाची संधी गेली.

मराठीत गव्हाचीही जात, बैलाचीही जात आणि माणसाचीही जात. सगळी लबाडी या एका शब्दात लपते. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी नेमकं इथेच बोट ठेवलं: झाडं, किडे, चतुष्पाद, पक्षी, मासे यांच्यात जन्मखुणा वेगळ्या आहेत, माणसांत तशा नाहीत.

म्हणून सगळी जातकं निर्दोष, असं मी म्हणणार नाही. सिगाल जातकात सिंहाच्या बहिणीला मागणी घालणारा कोल्हा हीन म्हणूनच झिडकारला जातो. ती वर्गात सांगायची तर वादासकट सांगावी.

तित्तिर जातक मात्र बिनधास्त सांगा. पहिलं आसन, पहिलं पाणी कोणाला, असं भगवंतांनी विचारलं तेव्हा काही भिक्खूंनी क्षत्रिय कुळातल्याला म्हटलं, काहींनी ब्राह्मण कुळातल्याला. मग त्यांनी ही गोष्ट सांगितली. हत्ती म्हणतो, मी लहान असताना हा वड माझ्या पोटाला लागायचा. माकड म्हणतं, मी जमिनीवर बसून याचे शेंडे खाल्लेत. तित्तिर म्हणतो, मी खाल्लेल्या बीतूनच हा वड उगवला. त्या दिवसापासून हत्ती तित्तिराला मान देतो.

येत्या रविवारी हीच घेणार आहे. हत्ती कोणी व्हायचं, यावरून पोरांचं भांडण होणार हे नक्की.