आत कोण आहे, त्याचीही पाटी लावा

संपादक महोदय,

२०२५ मध्ये पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी बीड जिल्ह्यातल्या पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावे उतरवली. आडनाव ऐकल्याशिवाय इथे कोणी कोणाला चहाही विचारत नाही, तेव्हा फार बरे झाले. पण ठाण्यात आणखी एक पाटी लागायला हवी, तिचे नाव कोणी काढत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ सांगते की अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावा आणि त्यासाठी किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा. पाटी नाही तर नाही, संगणकाच्या पडद्यावर दाखवा. कायद्याला तेही चालते.

या आठवड्यात ओळखीच्या एका बाईंबरोबर एका ठाण्यात गेलो होतो. कोणत्या ते लिहीत नाही, कारण त्यांच्या मुलाला त्याच हद्दीत राहायचे आहे. त्याला साध्या वेशातल्या माणसांनी घरून उचलले होते. अंमलदार म्हणाले, इथे नाही, दुसऱ्या शाखेत विचारा. तिथले म्हणाले, ठाण्यातच विचारा. भिंतीवर सुविचार होते, यादी नव्हती. पुढे मुलगा कोर्टात उभा केला तेव्हा अटक आदल्या संध्याकाळची दाखवलेली! चोवीस तासांत कोर्टापुढे उभे करण्याचा नियम कागदावर पाळला गेला. त्याआधी तो कोणाच्या ताब्यात होता, हे त्या आईने कोणाला विचारायचे?

लहानसहान गोष्टीचा बाऊ करतो, असे कोणी म्हणेल. त्यांनी शेजारच्या परभणीचा ख्वाजा युनूस आठवावा. २७ वर्षांचा अभियंता. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटात संशयित म्हणून डिसेंबर २००२ मध्ये पकडला, आणि जानेवारी २००३ मध्ये पोलीस म्हणाले, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला नि तो पळाला. तो आजतागायत कोणाला दिसलेला नाही. त्याला पट्ट्याने मारताना आणि रक्त ओकताना पाहिल्याचे सहआरोपीने सांगितले. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने खटल्याला मंजुरी दिली फक्त चौघांविरुद्ध. त्यांपैकी सचिन वाझे २०२० मध्ये पुन्हा वर्दीत आले. स्फोटाच्या खटल्यातले आरोपी तर २००५ मध्येच निर्दोष सुटले होते.

जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यायची, तर सोमनाथ सूर्यवंशी कालचाच. तोही परभणीत, १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. छळ झाला नाही, त्याला श्वसनाचा आजार होता, असे विधानसभेत सांगण्यात आले. शवविच्छेदनात अनेक जखमा निघाल्या. उच्च न्यायालयाने ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवा म्हटले, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला रिकाम्या हाताने परतले. साधा गुन्हा नोंदवण्यासाठी एवढी झुंज!

सीसीटीव्हीचेही तेच. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, चित्रण अठरा महिने जपून ठेवा, असे सर्वोच्च न्यायालय २ डिसेंबर २०२० रोजी सांगून बसले आहे. ऐन गरजेच्या वेळी मात्र कॅमेरा बंद असतो. आपल्या बीडमध्ये एक बडा आरोपी कोठडीत असताना ठाण्यात खाटा आल्या तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. त्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत, असा खुलासा पोलिसांना करावा लागला. खाटा लगेच दिसतात. गरिबाचे पोरगे आत आहे की नाही, ते कोणाला दिसत नाही.

पोलीस अधीक्षकांनी जिल्ह्यातल्या सर्व ठाण्यांत ही यादी लावून ती रोज अद्ययावत करण्याचा लेखी आदेश काढावा. पाटीवर नाव नाही आणि माणूस आत सापडला, तर उत्तर ठाणेदाराने द्यावे. आणि आपणही ‘चौकशीसाठी ताब्यात’ अशी बातमी छापताना केव्हापासून, हे पोलिसांना विचारूनच छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, माजलगाव