आधी कोणी थांबायचे?

गळीत हंगाम सुरू झाला की फडातून निघालेली ट्रॉली कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोचेतो निदान एकदा तरी महामार्ग ओलांडते. कापूस, कांदा, सोयाबीन बाजार समितीकडे निघते तीही याच वाटेने. मालाला भाव काय मिळणार याची चर्चा आपण वर्षभर करतो. तो माल आणि तो नेणारा माणूस रस्त्यापलीकडे धड पोचणार का, याची चर्चा बैठकीत क्वचितच होते. अपघात झाला की दोन दिवस रास्ता रोको होते. तिसऱ्या दिवशी त्याच जागी तशीच ट्रॉली पुन्हा आडवी जाते. म्हणून या वेळी रस्त्यावरच्या अग्रहक्काबद्दल सरळ बोलले पाहिजे.

वाटेचा हक्क शेतकऱ्याला कोणी शिकवावा असे नाही. बांधावरची वाट अडवली तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. वहिवाट म्हणजे काय आणि तिच्यासाठी तहसीलदारापुढे कसे उभे राहायचे, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. घोटाळा होतो तो येथेच. वहिवाटीचा हक्क माझा असतो, कायमचा असतो, आणि मी तो वाजवून घेतो. महामार्गावरचा अग्रहक्क तसा नाही. तो कोणाच्या मालकीचा नाही आणि काही सेकंदांपुरताच असतो. त्याची जात पाण्याच्या शेजपाळीसारखी आहे. दुसऱ्याची पाळी चालू असताना आपले दार उघडायचे नसते, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याने नेमके काय सांगितले आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११८ खाली १९८९ साली रस्त्याचे नियम झाले. २०१७ साली त्यांच्या जागी नवे वाहनचालन विनियम आले. गाभा तोच राहिला. जेथे सिग्नल नाही, पोलीस नाही, अशा चौकात बाजूच्या रस्त्याने येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्याला वाट द्यावी. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. गोल चौकात जो आत फिरतो आहे त्याला बाहेरून शिरणाऱ्याने वाट द्यावी. उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्यासाठी थांबावे. घाटात दोन गाड्या मावत नसतील तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला जाऊ द्यावे, कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणे अवघड. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडीला सर्वांनीच वाट द्यायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती अडवणाऱ्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्हीही होऊ शकते.

या साऱ्यात एक गोष्ट पाहा. गाडी केवढी, मालक कोण, हॉर्न कोणाचा मोठा, यातले काहीच नियमात नाही. लांबून डिपर मारला म्हणजे रस्ता आपला झाला, असे ट्रकवाल्याला वाटते. ट्रॅक्टरचे तोंड आधी रस्त्यात घातले म्हणजे समोरचा झक मारत थांबेल, असे आपल्या पोराला वाटते. कायद्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच चुकतात.

आता गणित करू. आपल्या कृषी पदवीच्या अभ्यासात एकरी उताऱ्याचे गणित होते, रस्ता ओलांडण्याचे नव्हते. ट्रॅक्टर आणि उसाच्या दोन ट्रॉल्या मिळून लांबी धरा १८ मीटर. चौपदरी महामार्गाची एक बाजू ७ मीटर रुंद. ट्रॅक्टरचे नाक रस्त्यात शिरल्यापासून मागच्या ट्रॉलीचे टोक बाहेर पडेपर्यंत २५ मीटर अंतर तोडावे लागते. भरलेला ट्रॅक्टर जागेवरून उचलताना ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालतो. २५ मीटरला लागले १८ सेकंद. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर येते. १८ सेकंदांत ती ४०० मीटर आली. नजरेला ‘अजून लांब आहे’ असे वाटणारी ती गाडी तुमची शेवटची ट्रॉली रस्त्यात असतानाच तुमच्यापर्यंत पोचते.

एवढ्यावर भागत नाही. दुभाजकाच्या तोडीत १८ मीटरची गाडी मावत नाही. मधे थांबलात तर मागची ट्रॉली पहिल्या बाजूवर आडवी राहते. म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी मोकळ्या हव्यात. दुभाजक ५ मीटरचा धरला तर एकूण ३७ मीटर अंतर आणि २६-२७ सेकंद होतात. पलीकडच्या बाजूची गाडी जवळजवळ ६०० मीटर लांब हवी. पुढे वळण किंवा चढ असेल तर एवढा रस्ता दिसतच नाही. दिसत नसेल तर त्या जागेवरून ओलांडायचे नाही. दाट धुके पडले असेल तेव्हाही नाही.

मग महामार्गावरच्या वाहनवाल्याला सारे माफ आहे का? अजिबात नाही. चौक, वळण, पादचारी पट्टा आला की वेग कमी करायचा आणि धोका नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जायचे, हे त्याच्यावरही बंधन आहे. मुख्य रस्त्यावरचा अग्रहक्क म्हणजे डोळे मिटून गाडी हाकण्याचा परवाना नव्हे. पण अपघातानंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे प्रश्न येतो तो दोष कोणाचा आणि किती. आपल्या माणसाचा अर्धा दोष ठरला तर भरपाई अर्ध्यावर येते. घरातला कर्ता गेला आणि वर भरपाईही निम्मी झाली, म्हणजे त्या घरावर दुसरा घाव बसला.

हा घाव सर्वांत जास्त बसतो उलट्या बाजूने गाडी नेताना. असे करणारा शेतकरी बेशिस्त म्हणून शहरात हिणवला जातो. त्याचे शेत रस्त्याच्या दोन बाजूंना कोणी पाडले, हे कोणी विचारीत नाही. विहीर इकडे, ऊस तिकडे, आणि वळायची तोड दोन किलोमीटरवर. भरला ट्रॅक्टर चार किलोमीटर फिरवायचा तर डिझेल कोणाच्या खिशातून जाणार? अडचण खरी आहे. तरीही उलट्या बाजूने जाणाऱ्याला कोणताच अग्रहक्क नाही, हेही तितकेच खरे. अडचणीचे उत्तर उलट्या बाजूला नाही. ते भुयारी मार्गात आणि सेवा रस्त्यात आहे, आणि ते मागण्याची वेळ रस्ता झाल्यानंतरची नव्हे.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ नुसार कलम ३ए ची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत कलम ३सी खाली हरकत घेता येते. मोबदल्याचा वाद पुढे कलम ३जी खाली चालतो. ३सी ची हरकत जमिनीच्या वापराविषयी असते. आपण त्या २१ दिवसांत भावाचीच चर्चा करतो आणि रस्ता ओलांडायचा कोठून हे लिहून द्यायचे राहून जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. ट्रॅक्टर आणि बैलगाडीला त्यावर प्रवेशच नाही. अशा रस्त्याच्या पलीकडे शेत असेल तर भुयारी मार्ग हीच वहिवाट. तो किती उंच, त्यातून कडब्याची गाडी, उसाची ट्रॉली, हार्वेस्टर जाईल का, पावसात पाणी तुंबेल का, हे आराखडा कागदावर असतानाच विचारले पाहिजे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. एक, गावची गाडी महामार्ग कोठे ओलांडते आणि तेथून दोन्ही बाजूंना किती मीटर रस्ता दिसतो, ते पावलांनी मोजून. दोन, गावरस्ता महामार्गाला मिळतो तेथे ‘रस्ता द्या’चा उलटा त्रिकोण किंवा ‘थांबा’चा अष्टकोनी फलक आहे की नाही. तीन, जवळची तोड किंवा भुयारी मार्ग किती लांब आहे. या मोजमापाचा अर्ज महामार्गाच्या अधिकाऱ्यापुढे ठेवला तर ‘पाहतो’ म्हणून तो बाजूला सारणे कठीण जाईल.

आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत? सोबतच्या माणसाने खाली उतरून दोन्ही बाजू पाहाव्यात. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावावी. खेपा वाढल्या तर चार पैसे जास्त मिळतात हे खरे, पण २७ सेकंद मिळत नसतील तर थांबावे. कारखान्याची गव्हाण पाच मिनिटांनी बंद होत नाही.